चौथा रकाना

१

चोरी झाली ती माझ्या घरात, माझ्या पेटीतून. म्हणून तपासही मीच केला. पोलीस पाटलाला बोलवा म्हणणारे पुष्कळ होते. पण त्याची स्वतःची शेळी हरवते आणि दोन दिवसांनी आपल्या पायानं घरी येते, तेव्हा कुठं त्याला ती हरवली होती हे कळतं. असल्या माणसाचा काय उपयोग?

बुधवार होता. मोहाचे दिवस. या दिवसांत आमच्या पळसबोडीत उजाडायच्या आधी घरं रिकामी होतात, कारण गळलेली फुलं ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. मी आणि माझी नात नूतन बोडीकाठच्या, म्हणजे गावतळ्याकाठच्या, मोहाखाली होतो. तो मोह माझा, असं मी कोणी विचारलं तर सांगत असे, नाही विचारलं तरी सांगत असे. शेजारच्या झाडाखाली बुधरी वेचत होती. बुधरी गोंडाची, माझी पन्नास वर्षांची मैत्रीण. वेचण्यात तिचा हात धरणारं गावात कोणी नाही. पण त्या दिवशी ती उशिरा आली, आणि आम्ही निघालो तेव्हा तिची टोपली अर्धीच होती.

"काऊन वो बुधरी, हात गळले का तुहे?"

"म्हातारी झाली वो बाई," ती म्हणाली आणि माझ्याकडे न बघता आपल्या घराकडे वळली.

नऊला घरी पोचले. अंगण झाडायला घेतलं तर खराट्याचा बंद सुटलेला. आत पेटीपाशी भुईवर दोरीचा एक तुकडा पडला होता. माहुलीची वेल आमच्या रानात झाडांवर चढते, तिच्या सालीची दोरी वळतात. तशीच ही, नवीकोरी. बरी सापडली म्हटलं. खराट्याला करकचून बांधली आणि अंगण लख्ख करून टाकलं. घर कसं ठेवावं हे माझ्याकडून शिकावं.

तेवढ्यात आतून नूतनचा आवाज आला. बारीक, कोरडा.

"आजी, वही कुठी आहे?"

मी धावले. पेटीचं झाकण उघडून नूतन उभी होती. माझी चांदीची कडी जागेवर. लुगडी घडीवर घडी, कोणी हलवली असली तरी परत नीट रचलेली. लाल कापडाची वही तेवढी नव्हती.

२

वहीचं आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल एका वहीसाठी ही म्हातारी एवढी काऊन उड्या मारते.

नूतन कायदा शिकली, आता त्यातच पीएचडी करते. मी तिसरी पास, आणि तीही मास्तर मला भ्यायचा म्हणून. पण पोरगी काय करते ते मला नीट ठाऊक आहे, कारण मी तिला चार वेळा सांगायला लावलं. गावाच्या जंगलात बाहेरच्याला काही करायचं असेल, खाण खोदायची असेल, औषधाची मुळी न्यायची असेल, तर गावाला विचारायचं की नाही? आणि विचारायचं तर कसं? यावर कुणाचा कायदा काय म्हणतो ते तिनं शेजारी शेजारी मांडलं. रुंद पान, चार रकाने. पहिल्यात आपल्या देशाचे कायदे, वनहक्काचा आणि आदिवासी गावांच्या ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा. दुसऱ्यात फिलिपीन्स, ब्राझील असल्या दुसऱ्या देशांचे. तिसऱ्यात सगळ्या देशांनी मिळून ठरवलेलं. त्यातल्या एका जाहीरनाम्याला आपल्या देशानं हो म्हटलं, आणि दुसऱ्या एका करारावर अजून सही केली नाही.

"हो म्हननं वेगळं अन् सही करनं वेगळं," मी तिला म्हटलं होतं. "सोयरिकीच्या बैठकीत सगळेच मुंडी हालवतात."

आणि चौथा रकाना आमचा. पळसबोडीचा रिवाज काय म्हणतो ते. त्यासाठी पोरगी तीन वर्षं घरोघर बसली. एकवीस म्हाताऱ्यांचं बोलणं, प्रत्येकाच्या बोलण्याखाली अंगठा. माझी मात्र सही. त्यातले सहा जण आता नाहीत. वहीची दुसरी प्रत नाही, कारण या रकान्याचा फोटोसुद्धा काढणार नाही असा शब्द तिनं बुधरीच्या भावाला, कोलूला, दिला होता.

शुक्रवारी गडचिरोलीला तिची शेवटची तोंडी परीक्षा होती. बाहेरून मोठे प्रोफेसर येणार होते. अंगठ्यांची मूळ वही डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते चौथा रकाना धरणार नव्हते.

"अन् चौथा गेला तर बाकी काय उरते, आजी? पुस्तकातून उतरवलेले तीन रकाने. ते कोनीबी लिहिन. वही नाई मिळाली तर मी शुक्रवारी जातच नाई. सोडूनच देते."

माझी नात रडत नाही, माझ्यावर गेली आहे. त्या दिवशी ती पेटीच्या कडेला बसून नखानं पेटीचा रंग खरवडत होती. रडली असती तर बरं वाटलं असतं.

मंगळवारी संध्याकाळी माझ्या ओसरीवर चार पाहुणे बसले होते. बाबासाहेबांच्या फोटोमागून किल्ली काढताना, वही दाखवताना आणि पेटीत परत ठेवताना नूतनला चौघांनीही पाहिलं होतं. एक बुधरी. दुसरा तिचा थोरला भाऊ कोलू, गावाच्या रिवाजाचा जाणता. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं अस्वलानं नेली, पण डाव्या हातानं तो दोघांचं काम करतो. तिसरा धनराज, बांबूच्या ठेकेदाराचा माणूस. आणि चौथा प्रफुल, जो या घडीला माझ्याच ओसरीवर बसून माझेच पोहे खात होता.

३

प्रफुल ब्रह्मपुरीचा. नूतनच्याच प्रोफेसरांकडे तोही पीएचडी करतो. दोन दिवसांचा पाहुणा. आम्ही मोहाखाली होतो तेव्हा घरात तो एकटा होता, ओसरीवर झोपलेला.

"कितीले उठला गा?"

"सात वाजता, आजी."

"मंग काय केलं?"

"चहाचा डबा शोधत होतो."

"दोन घंटे? माह्या घरी डबा चुलीजवळ राहते, आंधळ्यालेबी सापडते. आन तो मोबाईल."

त्यानं चमचा खाली ठेवला. मोबाईल नूतननं घेतला. वहीच्या पानांचे फोटो निघाले! मी खराट्याकडे हात नेला.

"थांब आजी. हे कालचे आहेत, माह्यासमोर काढले. पाह्य ना."

पाहिलं. प्रत्येक फोटोत तीन रकाने दिसत होते आणि चौथ्यावर नूतनचा पंजा पसरलेला होता. शब्द पाळते पोरगी.

"पंजाखालचं पाहाची लई इच्छा झाली असन तुले," मी प्रफुलला म्हटलं. "सकाळी घर रिकामं. किल्ली माहीत. गेल्ता ना पेटीपाशी?"

त्याचे कान लाल झाले. नूतन त्याच्याकडे बघत राहिली.

"गेलो होतो," तो म्हणाला. "तुझी शपथ नूतन, फक्त वाचणार होतो. माझ्या अख्ख्या कामात असं एक पान नाही गं. पण आजी, मी पेटी उघडली तेव्हा वही आधीच गेलेली होती."

४

कोण विश्वास ठेवतो? मी नाही ठेवला. पण त्याच्या पिशवीची झडती घेतली, गादी उलटी केली, वही नव्हती. आणि पळून न जाता पोहे खात बसलेला चोर मी तरी पाहिला नाही. म्हणून त्याला नूतनच्या पहाऱ्यात ठेवलं आणि धनराजकडे निघाले. पहाटे त्याची जीप आमच्या मागच्या गल्लीत उभी होती, ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती.

धनराज चौकात चाक खोलून बसला होता.

"काय गा, पाहाटे माह्या घरामागं तुह्या जीपचं काय काम होतं?"

"पंक्चर झालती बाई. तिथूनच ढकलत आनली. पाच जन लागले ढकलाले. इचारा कोनालेबी."

विचारलं. खरं निघालं. एक ढकलणारा तर अजून कंबर धरून बसला होता.

"पन वही पाह्यजे होती ना तुले? काल लई इचारत होता, मुळी कुठी भेटते, तापाचा रानकांदा कुठी भेटते."

"पाह्यजे होती ना!" तो हसला. "मालक म्हनते, कोलूच्या कांद्याची जागा मालूम कर. तापावर त्या कांद्यासारखं औषध नाई म्हनते. पन मी चोरी कायले करू? तुमचा तो ब्रह्मपुरीचा पाहुना काय म्हनला काल, आयकलं नाई का? पीएचडी झाली का सगळं इंटरनेटवर जाते. अख्ख्या दुनियेनं फुकटात वाचाचं. मंग मीबी वाचीन! कोलूभाऊ तर ते आयकून च्या तसाच ठेवून उठला."

तेव्हा मी चुलीपाशी गेले होते, मला यातलं काही ठाऊक नव्हतं. कोलू चहा सोडून उठला? कोलू देवाला सोडेल, पण माझा चहा सोडणार नाही.

घरी येईपर्यंत डोकं भणभणत होतं. प्रफुलकडे वही नाही, धनराजकडेही नाही. उरली दोन माणसं, आणि त्या दोघांवर संशय घ्यायचा म्हणजे मी स्वतःवरच घेण्यासारखं. काही सुचेना तेव्हा मी झाडते. सकाळी झाडलेलं अंगण पुन्हा झाडायला घेतलं.

ओसरीवरून प्रफुल बघत होता. एकदम म्हणाला, "आजी, ती दोरी खराट्याला कशी आली?"

"बांधली म्हनून आली. भुईवर पडली होती."

"भुईवर नव्हती. पेटीच्या झाकणावर ठेवलेली होती, मधोमध, गाठ मारून. मी पेटी उघडताना बाजूला टाकली."

खराटा माझ्या हातात तसाच राहिला.

५

मी खाली बसले. दोरी डोळ्यांजवळ घेतली. आयुष्यभर माहुलीच्या दोऱ्या हाताळल्या आहेत. उजव्या हातानं मांडीवर वळलेल्या दोरीचा पीळ एकीकडे जातो. हिचा पीळ उलटा होता. डाव्या हाताचा.

"नूतन," मी हाक मारली, "तुह्या वहीत गाठीचा रिवाज लिहून हाय ना? कोनाच्या तोंडचा?"

"कोलूआजाच्या. अकरावी नोंद." तिला सगळं पाठ. डोळे मिटून म्हणायला लागली. "रानात लाकूड सापडलं, मोहळ दिसलं, आज नेता येत नाही, तर त्यावर गाठ मारावी. मग दुसरा हात लावत नाही. ज्यानं मारली त्यानंच सोडावी. आणि वस्तूचा वाद असेल तर भांडू नये. वस्तू उचलून न्यावी, तिच्या जागी आपली गाठ ठेवावी. म्हणजे धन्याला कळतं, वस्तू सुखरूप आहे, येऊन बस, बोलू..."

तिथं ती थांबली. डोळे उघडले. माझ्या हातातल्या खराट्याकडे पाहिलं.

"आजी, हे तर मीच लिहिलं आहे."

"तू लिहिलं, त्या पोट्ट्यानं फेकलं, अन् म्या त्यानं अंगन झाडलं," मी म्हटलं. "काखेत कळसा!"

आता अर्ध्या टोपलीचाही उलगडा झाला. कोलूला हल्ली कमी दिसतं. दुसऱ्याच्या घरात शिरून किल्ली काढणं त्याच्यानं होत नाही. उजाडायच्या आत मागच्या दारानं आली ती बुधरी. लुगडी घडीवर घडी ठेवणारीही तीच. परक्या चोराला माझ्या लुगड्यांची काय पडली आहे? आणि म्हणूनच ती मोहाखाली उशिरा पोचली.

पन्नास वर्षं जिच्या ताटात जेवले तिनं माझी पेटी उघडली. मी खराटा उचलला आणि चालू लागले. नूतन मागून धावत आली.

६

कोलूच्या अंगणात दोन चटया टाकलेल्या होत्या. एकीवर तो बसला होता, वही मांडीवर, पदराखाली लेकरू झाकावं तशी दुपट्यानं झाकलेली. बुधरी दाराशी उभी.

"चोट्टे!" मी फाटकातूनच सुरू झाले. "माह्या पेटीले हात लावते! मले सांगता नाई आलं?"

"सांगतलं असतं त तू आयकलं असतं का वो?" बुधरी म्हणाली. "तू त बोंबलली असती, आता बोंबलून राह्यली तशी."

मी खराटा खाली घेतला आणि फाटकातून आत आले.

कोलूनं दुसऱ्या चटईकडे बोट केलं. "सकाळपासून चटई टाकून बसलो. मले वाटलं गाठ पाह्यली का येसान. येवढा टाइम काऊन लागला?" मग त्यानं माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "बायनाबाई, माही गाठ कुठी हाय?"

मी खराटा पुढे केला. म्हातारा एवढा हसला की त्याला खोकला लागला.

हसू ओसरल्यावर तो नूतनकडे वळला. आवाज मात्र मऊच.

"बाई, तू अंगठा मांगितला, म्या देल्ला. तुले ताप आलता तवा त्या कांद्याची जागाबी सांगतली, काऊन का तू माही नात. दुनियेची नात नाई. आता तो पाहुना म्हनते का सगळी दुनिया वाचन. म्या काय बोललो अन् तू काय लिहलं, ते मले कोनी वाचून दाखवलं का? एकदा तरी?"

नूतन चटईवर बसली. 

"नाई दाखवलं, आजा," ती म्हणाली. "कोनालेच नाई दाखवलं." मग वहीच्या लाल कापडावर हात ठेवून, जणू स्वतःलाच, "दुसऱ्या रकान्यात मीच लिहिलं आहे. समुद्रापलीकडे एक देश आहे, तिथला कायदा म्हणतो, गावाची संमती गावाच्याच रिवाजानं घ्यावी. आधी समजावून, मग विचारून. तीन वर्षं मी पाहून राह्यली की कोनता देश कुठी चुकला. अन् इथी मी अंगठे घेतले अन् उठून गेली."

"आमचा रिवाज अंगठ्याचा नाई," कोलू म्हणाला. "बसाचा हाय. बस, अन् वाच."

७

बातमी फिरली. दुपारी कोलूच्या अंगणात वहीतले सगळे जमले. जे हयात होते ते स्वतः, जे नव्हते त्यांची लेकरं. प्रफुल मान खाली घालून पाण्याचा घडा घेऊन आला. त्याला मी चटईच्या टोकाला जागा दिली, फार नाही, बसण्यापुरती.

नूतन वाचत गेली. कुणी म्हणालं बरोबर आहे, कुणी दुरुस्त केलं. मेलेल्या बापाचं बोलणं ऐकून एका लेकानं पुन्हा वाचायला लावलं, दोनदा. कोलूची नोंद आली तेव्हा कांद्याच्या जागेच्या ओळी तिनं शाईनं अशा काळ्या केल्या की पान पाठीमागून फुगलं. शेजारी लिहिलं: सांगणाऱ्यानं परत घेतलं. खाली कोलूचा डावा अंगठा, नवा.

मला वाटलं झालं. तर बुधरी म्हणते, "बायनाबाईचं राह्यलं."

"माहं कायले? म्या सही केली हाय, अंगठा नाई. शिकलेली बाई मी."

"सही करताना वाचलं होतं का?" कोलूनं विचारलं.

वाचलं नव्हतं. पण काय बोलले होते ते आठवत होतं, आणि म्हणूनच मी उठायला बघत होते. नूतन वाचू लागली.

"बोडीकाठचा मोह माझा. नवरा गेला तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. सासरच्यांनी सगळी झाडं घेतली. हे एक मी माझ्या हिमतीवर राखलं. कोणी दिलेलं नाही."

 जुन्या माणसांना सगळं ठाऊक होतं. बुधरी खाली बघून पायाच्या नखानं माती उकरत होती. ती मला खोटी म्हणाली नाही. पन्नास वर्षांत एकदाही म्हणाली नव्हती.

काही तासांपूर्वीच या अंगणात मी कुणाला चोट्टी म्हटलं होतं?

"खोड ते," मी म्हटलं.

"कोनती ओळ, आजी?"

"शेवटच्या दोन. अन् लिही. झाड बुधरीचं होतं. मले मोहाचं फूलबी भेटत नव्हतं तवा ही बाई पाहाटे मले बोडीवर घेऊन गेली, आपल्या झाडाची गाठ आपल्या हातानं सोडली अन् म्हनली, वेच. तिच्या घरी तवा चार लेकरं होती. लिहलं?"

"लिहलं."

"आता तुहंच हाय वो ते," बुधरी पुटपुटली.

"चूप बस. कायद्याच्या वहीत खरं लिहा लागते."

नूतननं लिहिलं ते मला पुन्हा वाचून दाखवलं, सावकाश. मग मी सही केली. या वेळी माझं नाव लिहायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

शुक्रवारी वही गडचिरोलीला गेली. बाहेरच्या प्रोफेसरांनी पहिले तीन रकाने भराभर उलटले म्हणे, आणि बोट ठेवलं ते त्या काळ्या ओळींवर. इथं काय होतं, त्यांनी विचारलं. "ते सांगायचा अधिकार मला नाही," नूतन म्हणाली, आणि मग पाऊण तास त्यांना पळसबोडीचा रिवाज समजावत बसली. डॉक्टर होऊन घरी आली.

खराट्याची दोरी कोलूनं बुधवारीच आपल्या हातानं सोडवली होती. ज्यानं मारली त्यानंच सोडावी. मी नवा बंद आणला, पण माझ्या खराट्याला तशी घट्ट गाठ पुन्हा बसली नाही.

मोह अजून गळतो आहे. बोडीकाठचं ते झाड कुणाचं, असं कोणी विचारलं तर सांगते, नाही विचारलं तरी सांगते. बुधरीचं.